सेंट बार्ट्सचा सूर्यास्त आणि तुमचं खासगी जेट

पुण्यातल्या एका उद्योगसमूहाच्या ऑफिसात प्रवासाचं काम बघणाऱ्या वाचकाने विचारलंय: "साहेबांचं कुटुंब डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कॅरिबियनमधल्या सेंट बार्ट्सला जाणार आहे. मुंबईहून सहा जण, त्यात साहेबांचे आईवडील. मुलगा आणि सून न्यू जर्सीहून वेगळ्या विमानाने येणार. ब्रोकरने मोठं जेट सुचवलंय आणि 'मुंबई ते सेंट बार्ट्स' असं कोटेशन पाठवलंय. बेटावर विमानतळ आहे, मग जेट थेट उतरेल ना? आणि मी आधी काय काय विचारून ठेवू?"

मी फ्लोरिडात राहून बिझनेस जेट उडवतो आणि हिवाळ्यातला बराचसा वेळ याच बेटांच्या पट्ट्यात जातो, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. उत्तर एका शब्दात हवं असेल तर: नाही. तुमचंच नव्हे, कुणाचंच जेट तिथे उतरत नाही. ब्रोकरने कोटेशनवर 'मुंबई ते सेंट बार्ट्स' लिहिलं असेल, तर एक तर त्याने शेवटच्या टप्प्याचा खर्च धरलेला नाही, किंवा त्याला हे बेटच माहीत नाही. दोन्ही शक्यतांमध्ये त्याला आजच फोन करा.

आता जरा खोलात जाऊ. सेंट बार्ट्स, म्हणजे सेंट बार्थेलेमी, हे जेमतेम पंचवीस चौरस किलोमीटरचं डोंगराळ फ्रेंच बेट. मध्ये जवळजवळ शंभर वर्षं, १७८४ ते १८७८, ते स्वीडनकडे होतं, म्हणून राजधानीचं नाव गुस्ताविया आणि विमानतळालाही राजा तिसऱ्या गुस्तावचं नाव चिकटलेलं. विमानतळाचं दुसरं नाव रेमी द हेनन यांचं. सेंट जीनच्या गवताळ सपाटीवर त्यांनी १९४०च्या दशकात पहिल्यांदा विमान उतरवलं, पुढे ते बेटाचे महापौरही झाले. त्या सपाटीचीच ही धावपट्टी झाली. लांबी सुमारे ६५० मीटर, रुंदी १८ मीटर. अंदाज यावा म्हणून सांगतो, मुंबईच्या जुहू विमानतळाची मुख्य धावपट्टी साधारण ११४० मीटरची आहे, आणि तीही बहुतेक जेटना अपुरी पडते.

ब्रोकर कधी कधी म्हणतात, "छोटं जेट घेऊ, ते जाईल." नाही जात. पिलाटसचं पीसी-२४ हे जेट आखूड आणि कच्च्या धावपट्ट्यांसाठीच बनवलेलं आहे. त्यालाही पूर्ण वजनाने उडायला जवळजवळ ८९० मीटर लागतात. शिवाय विमानाच्या पुस्तकातला लँडिंगचा आकडा हा कसलेल्या टेस्ट पायलटने नव्याकोऱ्या ब्रेकवर काढलेला असतो. म्हणून अमेरिकेच्या चार्टर नियमांत अशी अट असते की जेटला उपलब्ध धावपट्टीच्या ६० टक्के लांबीत थांबता आलं पाहिजे. सेंट बार्ट्सला हे ६० टक्के म्हणजे ३९० मीटर होतात. तेवढ्यात थांबणारं प्रवासी जेट निदान माझ्या माहितीत तरी कुणी बनवत नाही.

तिथे जातात ती पंख्याची विमानं: ट्विन ऑटर, सेस्ना कॅरव्हॅन, पिलाटस पीसी-१२ आणि त्यांच्या जातीची. आणि त्यांच्या पायलटलाही नुसतं लायसन्स पुरत नाही, या विमानतळासाठी वेगळं प्रशिक्षण आणि मान्यता लागते. का लागते ते एकदा समजून घ्या, म्हणजे साहेबांना समजावणं सोपं जाईल.

वारा जवळजवळ बारमाही पूर्वेकडून असतो, म्हणून विमान पश्चिमेकडून येतं. धावपट्टीच्या पश्चिम टोकाला डोंगराची एक सोंड आडवी पडलेली आहे, तिच्या खिंडीचं नाव कोल द ला तूरमांत. खिंडीतून गाड्यांचा रस्ता जातो, तिथे चौकही आहे, आणि त्या चौकात विमानं बघायला माणसं मोबाइल वर धरून उभी असतात. विमान त्यांच्या डोक्यावरून, अगदी थोडक्या उंचीवरून, खिंड ओलांडतं आणि पलीकडच्या उताराला समांतर नाक खाली घालून उतरतं. म्हणजे घाटमाथा ओलांडला की लगेच उतार, आणि उताराच्या तळाशी ब्रेक लावायचा, असा प्रकार. धावपट्टीही समुद्राकडे उतरती आहे. पलीकडच्या टोकाला सेंट जीनचा किनारा, धावपट्टी संपते तिथेच वाळू सुरू. वारा सोंडेवरून घसरून खाली येतो तेव्हा नेमक्या त्या शेवटच्या क्षणी विमान खाली दाबलं जातं. पायलटला पहिल्या थोड्या मीटरमध्ये चाकं टेकवायची असतात. तिथे टेकली नाहीत तर धावपट्टीवर रेंगाळायचं नाही, पॉवर देऊन समुद्रावरून पुन्हा वर जायचं. आत बसलेल्याला हे 'उतरता उतरता परत उडालो' असं वाटतं आणि घाबरायला होतं. आजीआजोबांना आधीच सांगून ठेवा: पुन्हा वर जाणारा पायलट हा चांगला पायलट.

२४ मार्च २००१ला सेंट मार्टिनहून आलेलं एअर काराइबचं ट्विन ऑटर याच शेवटच्या टप्प्यात कोसळलं. विमानातले एकोणीसही गेले आणि जमिनीवरचा एक. फ्रेंच तपास यंत्रणेचा कल असा की उतरताना वेग मारण्यासाठी पंख्याची पाती हवेतच 'बीटा'मध्ये, म्हणजे ओढ निर्माण करणाऱ्या कोनात घेतली गेली असावीत. हे मी भीती घालायला सांगत नाही. त्यानंतरही तिथे वर्षानुवर्षं रोज विमानं उतरतायत. सांगतो अशासाठी की शेवटच्या टप्प्याचा ऑपरेटर, म्हणजे विमान चालवणारी कंपनी, निवडताना 'स्वस्त कोण' हा प्रश्न विचारू नका. 'तुमचे पायलट या धावपट्टीवर नियमित येतात का, आणि विमानात पायलट एक की दोन' हे विचारा. पीसी-१२ एका इंजिनाचं आहे. त्यातलं पीटी-६ इंजिन माझ्या मते या धंद्यातलं सर्वांत भरवशाचं; तरी काही कंपन्यांच्या प्रवास धोरणात वरिष्ठांनी एका इंजिनाच्या विमानातून जायचं नाही असं लिहिलेलं असतं. तुमच्या एचआरचं कलम आधी उघडून बघा. तसं कलम असेल तर दोन इंजिनांचं ट्विन ऑटर.

पण हे सगळं बाजूला ठेवा, कारण तुमच्या सगळ्या वेळापत्रकावर हुकूमत चालते ती दुसऱ्याच गोष्टीची. सेंट बार्ट्सचा विमानतळ रात्री बंद. उपकरणांवर उतरायची सोयही नाही, डोळ्यांनी बघून उतरायचं, म्हणून सूर्य बुडाला की खेळ खलास. डिसेंबरच्या शेवटी तिथे सूर्यास्त पावणेसहाच्या आसपास. म्हणून या सहलीचं नियोजन मी नेहमी उलट्या बाजूने करतो: आधी सूर्यास्त लिहायचा, त्यातून मागे मागे येत मुंबईच्या गेटवर पोहोचायचं. मुंबईपासून पुढे मोजत जाणारे लोक हमखास सेंट मार्टिनच्या हॉटेलात रात्र काढतात, आणि त्या आठवड्यात तिथे हॉटेलही मिळत नाही.

सेंट मार्टिन म्हणजे तुमच्या जेटचं खरं मुक्कामाचं ठिकाण. बेट एक, पण दोन देशांचं: उत्तरेला फ्रेंच, दक्षिणेला डच. जेट उतरतं डच बाजूच्या प्रिन्सेस ज्युलियाना विमानतळावर. धावपट्टी २३०० मीटरची, म्हणजे तुमच्या ब्रोकरने सुचवलेलं कुठलंही मोठं जेट आरामात बसतं. १९४२ साली लष्करी धावपट्टी म्हणून सुरू झालेला हा विमानतळ जगभर माहीत आहे तो पश्चिम टोकाच्या माहो बीचमुळे. विमान पोहणाऱ्यांच्या डोक्यावरून जातं, आणि मधे फक्त एक रस्ता आणि कुंपण. साहेबांच्या नातवंडांना कुंपणाला लटकून फोटो काढायचा मोह होईल. जाऊ देऊ नका. उडणाऱ्या मोठ्या विमानाच्या झोताने २०१७च्या जुलैमध्ये तिथे एका पर्यटक बाईचा जीव गेला. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला इर्मा वादळाने विमानतळाची इमारत फोडून टाकली, आणि ती पूर्ववत व्हायला कित्येक वर्षं लागली. खासगी विमानांचं काम मात्र वेगळ्या कक्षातून, ज्याला आमच्यात एफबीओ म्हणतात, तिथून चालतं, त्यामुळे मुख्य इमारतीतल्या रांगेशी तुमचा संबंध येत नाही.

ज्युलियानाहून सेंट बार्ट्स हवेतून दहा-पंधरा मिनिटं. पण या पंधरा मिनिटांसाठी घड्याळात दीड-दोन तास ठेवा. जेट उतरणार, कागद होणार, सामान उतरणार, पुन्हा वजन होणार. अंतर कितीही कमी असलं तरी हा प्रवास डच हद्दीतून फ्रेंच हद्दीत आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय. पासपोर्ट हातात लागतोच. एफबीओशी आधी बोलून ठेवलं तर जेटच्या शिडीपासून छोट्या विमानाच्या शिडीपर्यंत गाडीने थेट नेतात. हे लेखी मागून घ्या. तोंडी 'हो हो, होईल' याला डिसेंबरमध्ये काही अर्थ नसतो.

तर हिशेब करू. पावणेसहाला सूर्यास्त. छोट्या विमानाची शेवटची फेरी मी कधीच धरत नाही, कारण दुपारी डोंगरावर पावसाची एक सर आली तरी विमानं अर्धा-पाऊण तास थांबतात. मी साडेतीनला सेंट बार्ट्सला टेकायचं धरतो. म्हणजे जेट ज्युलियानाला दोनच्या आत. सेंट मार्टिनचं घड्याळ भारतापेक्षा साडेनऊ तास मागे, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा.

मुंबई ते सेंट मार्टिन सरळ रेषेत सुमारे ७४०० नॉटिकल मैल. गल्फस्ट्रीम जी-६५० ईआरचा कागदावरचा पल्ला ७५०० मैल आणि बॉम्बार्डियरच्या 'ग्लोबल ७५००' जेटचा ७७००, म्हणून ब्रोकर छातीठोकपणे 'नॉनस्टॉप' सांगतो. हा पल्ला मोजक्या प्रवाशांचा, शांत हवेतला आणि सरळ रेषेचा असतो. तुम्ही हिवाळ्यात पश्चिमेला चाललाय, म्हणजे बराच वेळ वारा तोंडावर. मार्गही सरळ नसतो, कुठली हवाई हद्द टाळायची ते त्या आठवड्याच्या परिस्थितीवर ठरतं. एक थांबा धराच. माझी पसंती लिस्बनला. मुंबई ते लिस्बन सुमारे ४३५० मैल, मार्गाचे वळसे धरून दहा तास. लिस्बन ते सेंट मार्टिन सुमारे ३०५० मैल, सात तास. मध्ये इंधनाला आणि क्रू बदलायला दीड तास. एकूण साडेअठरा. साडेअकरातून साडेअठरा तास मागे या: मुंबईहून पहाटे पाचला निघायचं.

पहाटे पाच ही वेळ मुंबईच्या दृष्टीनेही बरी आहे, कारण गर्दीच्या तासांत तिथे खासगी विमानांवर बंधनं असतात आणि नऊ-दहाचा स्लॉट मागितला तर रडगाणं सुरू होतं. पण ऐंशीच्या घरातल्या आजीआजोबांना मध्यरात्री उठवून सलग साडेअठरा तास बसवायचं का, हा प्रश्न तुम्ही साहेबांना विचारायचा, मी नाही. मला विचारलंत तर मी लिस्बनला रात्र काढेन. आदल्या दिवशी मुंबईहून सुखाने सकाळी निघा, लिस्बनला झोपा, दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिथून निघालात तर ज्युलियानाला स्थानिक अकरा. मग दिवसभर हातात आहे. क्रूच्या ड्यूटीचे तासही आपोआप सुटतात. नाहीतर दुसरा संच आधी विमान कंपनीच्या तिकिटाने लिस्बनला पाठवून ठेवावा लागतो, आणि त्याचं बिल येतं ते तुमच्याच टेबलावर.

आता न्यू जर्सीचा मुलगा आणि सून. अंतर कमी, म्हणून लोक इथेच गाफील राहतात. ते बहुधा न्यू जर्सीतल्या टेटरबरो विमानतळावरून निघतील. तिथून ज्युलियाना साधारण पावणेचार तास. पण हिवाळ्यात सेंट मार्टिनचं घड्याळ न्यूयॉर्कच्या एक तास पुढे असतं, हे डोक्यात राहत नाही. मुलगा म्हणणार, बाराला निघतो, चारच्या आधी पोहोचतो. पोहोचतो तेव्हा तिथे पावणेपाच झालेले असतात. कागद आणि सामान होईपर्यंत सूर्य टेकलेला. त्यात डिसेंबरच्या सकाळी टेटरबरोला पंखांवरचा बर्फ काढायला विमानांची रांग लागली की तासभर तिथेच जातो. त्याला सांगा, नऊच्या आत चाकं उचललेली हवीत. आणखी एक बारीक गोष्ट: टेटरबरोला विमानाच्या वजनाची मर्यादा एक लाख पौंड आहे. पूर्ण वजनाने साधं जी-६५० कसंबसं त्याखाली बसतं, जी-६५० ईआर आणि ग्लोबल ७५०० बसत नाहीत. सगळ्यांनी एकाच मोठ्या जेटने यायचं म्हणून मुंबईचं विमान तिकडे वळवायचा विचार कुणाच्या डोक्यात आला, तर हे लक्षात असू द्या.

पुढचा विषय व्हिसाचा. भारतीय पासपोर्टसाठी हा भाग विमानापेक्षा अवघड आहे आणि ब्रोकर याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. सेंट बार्ट्स फ्रान्सचं आहे, पण युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या शेंगेन गटात नाही. नेहमीचा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालत नाही. फ्रेंच वकिलातीकडे अर्ज करतानाच समुद्रापारच्या फ्रेंच प्रदेशाचा उल्लेख करून तसा व्हिसा मागावा लागतो. लिस्बनला रात्र काढायची तर शेंगेनही लागेलच. सेंट मार्टिनच्या डच बाजूला काही देशांचा बहुप्रवेशी व्हिसा असलेल्यांना सवलती आहेत, पण त्या सवलतीचा अर्थ पलीकडच्या फ्रेंच बेटाला लागू आहे असं धरून चालू नका. प्रत्येक पासपोर्टसाठी वेगळं उत्तर लेखी घ्या. न्यू जर्सीच्या मुलाकडे ग्रीन कार्ड असेल आणि सुनेकडे एच-१बी व्हिसा, तर त्या दोघांचंही उत्तर एकमेकांपेक्षा वेगळं निघू शकतं.

ज्युलियानाऐवजी पोर्तो रिकोमधल्या सान हुआनला जेट उतरवायचा मोह सगळ्यांनाच होतो. तिथून पीसी-१२ने थेट सेंट बार्ट्सला पाऊण-एक तासात जाता येतं, ज्युलियानाची गर्दीही टळते. पण पोर्तो रिको म्हणजे अमेरिका. तिथे नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो, व्हिसाशिवाय ट्रान्झिट हा प्रकार अमेरिकेत नाही. सहा जणांपैकी एकाचाही अमेरिकेचा व्हिसा संपलेला असेल तर सान हुआन विसरा. सगळ्यांकडे असेल तर मात्र हा चांगला पर्याय आहे. मी अमेरिकेहून येणाऱ्यांना उलट हाच सुचवतो. अँटिग्वाहूनही छोटी विमानं जातात, मात्र अँटिग्वा कॅरिकॉम या कॅरिबियन देशांच्या संघटनेत असल्यामुळे तिथे प्रवाशांची यादी आधी ऑनलाइन भरायची त्यांची स्वतंत्र पद्धत आहे. हँडलिंग एजंट ती भरतो, पण पासपोर्टवरचं नाव आणि यादीतलं नाव अक्षरशः सारखं हवं. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे घालायची सवय आहे, तिथे नेमकी माशी शिंकते.

तुमचं जेट तुम्हाला सोडून कुठे जाणार, हेही विचारा. ख्रिसमस ते नवं वर्ष या काळात ज्युलियानाच्या ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या फरसबंद जागेवर, मुक्कामाला जागा मिळेलच असं नाही. बहुतेक जेट प्रवासी उतरवून तासाभरात रिकामी निघतात आणि सान हुआनसारख्या ठिकाणी जाऊन उभी राहतात, मग परतीच्या दिवशी रिकामीच येतात. हे रिकामे तास, तिथलं पार्किंग, क्रूचं हॉटेल, सगळं तुमच्या बिलात. भारतीय क्रू सान हुआनला जाणार असेल तर त्यांनाही अमेरिकेचा व्हिसा हवा आणि क्रूची यादी उड्डाणाच्या किमान एक तास आधी अमेरिकी कस्टम्सकडे गेलेली हवी. कोटेशनमध्ये 'पार्किंग अ‍ॅक्च्युअल्सप्रमाणे' अशी ओळ असेल तर तिथे बोट ठेवून विचारा: कुठे, किती रात्री, आणि पूर्वपरवानगी हातात आहे की मागायची आहे.

त्याच कोटेशनवर आणखी एक गोष्ट बघा: विमानाचा नोंदणी क्रमांक आणि ऑपरेटरचं नाव. ब्रोकर हा ऑपरेटर नसतो. भारतात भाड्याने प्रवासी न्यायचे तर ऑपरेटरकडे डीजीसीए या सरकारी विमान वाहतूक नियामकाचं नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट लागतं. कुणाच्या तरी खासगी वापराच्या विमानात 'ओळखीने, फक्त इंधनाच्या पैशात' बसवायची ऑफर येते, विशेषतः पुण्या-मुंबईत. अशा उड्डाणात काही झालं तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते की हे भाडं होतं का. परमिटची प्रत मागा. देत नसतील तर फाईल बंद.

सामानाचं बोलू, कारण प्रत्यक्षात भांडणं यावरूनच होतात. मोठ्या जेटमध्ये कुणी बॅगा मोजत नाही, म्हणून सहा माणसांबरोबर अठरा बॅगा येतात. ज्युलियानाच्या काउंटरवर छोट्या विमानाचा माणूस आधी बॅगा काट्यावर ठेवतो आणि मग नम्रपणे माणसांचंही वजन विचारतो. साहेबांच्या सौभाग्यवतींना ते आवडत नाही. पण आखूड धावपट्टीवर दर किलोचा हिशेब असतो, त्यामुळे माणसांची खरी वजनं आधीच एका कागदावर लिहून ऑपरेटरला पाठवा, म्हणजे काउंटरवर चारचौघांत विचारायची वेळ येत नाही. कडक सुटकेस नकोत. पीसी-१२ची मागची जागा कडक बॅगांनी लगेच भरते, मऊ डफल दाबून बसते. औषधं, पासपोर्ट आणि एका रात्रीचे कपडे प्रत्येकाच्या हातातल्या पिशवीत. बाकी सामान मागच्या फेरीने येईल, किंवा फेरीबोटीने. फेरीबोट तासाभरात पोहोचते, पण डिसेंबर-जानेवारीत पूर्वेचे वारे जोरात असतात, तिथले लोक त्यांना ख्रिसमसचे वारेच म्हणतात, आणि समुद्र चांगलाच हलवतो. आजीआजोबांना बोटीत बसवू नका. बॅगांना काही होत नाही.

खाण्याचं काय, हेही तुम्ही पुढे विचारालच. सेंट बार्ट्सवर जवळजवळ सगळंच बाहेरून येतं आणि स्वयंपाक फ्रेंच पद्धतीचा. आजींना वरणभात लागत असेल तर व्हिलाच्या आचाऱ्याला महिनाभर आधी यादी द्या. डच बाजूच्या फिलिप्सबर्गमध्ये फ्रंट स्ट्रीटवर सिंधी व्यापाऱ्यांची दुकानं पिढ्यान्पिढ्या आहेत, त्यामुळे सेंट मार्टिनवर डाळ-तांदूळ आणि भारतीय जेवण मिळतं. परतीच्या जेटवरचं शाकाहारी जेवण मी तिथूनच मागवायला सांगतो; एफबीओच्या केटरिंगमधल्या 'व्हेजिटेरियन'चा अर्थ बऱ्याचदा भाज्यांचे कच्चे तुकडे आणि चीज एवढाच असतो.

परतीला सूर्यास्ताची भानगड निम्म्याने कमी होते, पण सकाळी निघा. सेंट बार्ट्सहून विमान समुद्राकडे उडतं, उतारावरून किनाऱ्यावरच्या लोकांच्या अंगावरून, त्यामुळे धावपट्टीच्या टोकाला वाळूत झोपू नका अशा पाट्या लावलेल्या आहेत. ज्युलियानालाही पूर्वेला डोंगर आहेत, उडाल्यावर जेट लगेच उजवीकडे वळतं. खिडकीतून डोंगर जवळ दिसला तर ते ठरलेलं असतं. पूर्वेकडे जाताना वारा पाठीवर असतो, त्यामुळे ब्रोकर पुन्हा 'नॉनस्टॉप' म्हणेल. दुपारच्या उकाड्यात, टाक्या काठोकाठ भरून, २३०० मीटरवरून आणि समोर डोंगर असताना कुठलाही कॅप्टन ते आनंदाने करणार नाही. परतीचा थांबाही लिस्बनलाच ठेवा.

तारखा पक्क्या झाल्या की पहिली बुकिंग छोट्या विमानाची करा, मोठ्या जेटची नंतर. त्या आठवड्यात जेट पैसे टाकले की मिळतं. सेंट बार्ट्सला दुपारी साडेतीनच्या सुमाराला टेकणारं पीसी-१२ मात्र ऑक्टोबर उजाडेपर्यंत संपलेलं असतं. व्हिलाच्या मॅनेजरला विमानाचा नंबर, उतरायची वेळ आणि बॅगांची संख्या कळवून ठेवा, गाड्या तोच पाठवतो. आणि सेंट मार्टिनवर सहा जणांसाठी तीन खोल्या, फुकट रद्द करता येतील अशा, पोहोचायच्या दिवसाच्या रात्रीसाठी धरून ठेवा. विमान दोनला ज्युलियानावर टेकलं की फोन करून रद्द करा.